कलम 11 आणि पंचगंगेचा घाट

दिवाणी कोर्टात उभी हयात काढली. तिथं मी सगळ्यात जास्त वेळा घेतलेली हरकत एकच : हा वाद पूर्वीच निकाली निघालेला आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 11, आम्हा वकिलांच्या तोंडी रेस ज्युडिकाटा. त्याच पक्षकारांत, त्याच मुद्द्यावर, अधिकार असलेल्या कोर्टानं एकदा निकाल दिला की तो विषय पुन्हा काढता येत नाही. करवीर तालुक्यातल्या बांधाच्या दाव्यांत हे कलम फार कामाला येतं. आजा दावा हरलेला असतो, बाप अपिलात हरलेला असतो आणि नातू नवा वकील गाठून तोच बांध पुन्हा कोर्टात आणतो. समोरच्यानं जुन्या हुकूमनाम्याची नक्कल पुढं ठेवली की विषय संपला. मला यात कधी अन्याय वाटला नाही. नाहीतर माणसं शेत कधी पिकवणार?

पण हेच कलम धर्मातल्या वादाला लावायचं का? कोल्हापुरात वेदोक्ताचा, म्हणजे वेदातल्या मंत्रांनी विधी करून घेण्याच्या अधिकाराचा, विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "मिटलंय ते सगळं. कशाला जुनी मढी उकरताय?" म्हणणारा माणूस बहुधा भला असतो. पण मी वकील. माझा पहिला प्रश्न असतो, मिटलं म्हणजे नेमकं कधी आणि कुणाच्या बाजूनं?

हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. 1899 चा कार्तिक. कोल्हापूरचे शाहू महाराज पंचगंगा नदीच्या घाटावर स्नानाला गेलेले, बरोबर राजारामशास्त्री भागवत. नारायणभट भटजी म्हणत होते ते मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले आहेत, हे शास्त्रीबोवांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिलं. पुढं वाद पेटला. 1901 मध्ये टिळकांनी 'केसरी'त वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लिहिलं. वेदोक्त विधी करायला नकार देणाऱ्या राजोपाध्यांचं, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांचं, वतन 1902 मध्ये जप्त झालं. त्यांनी इंग्रज सरकारकडं थेट वरपर्यंत अपिलं केली, कुठंच दाद लागली नाही.

या प्रकरणात जुना वाद उकरून काढला, असा ठपका महाराजांवर ठेवला गेला. मला हे दफ्तर उलटं दिसतं. 1674 मध्ये रायगडावर गागाभट्टांनी शिवाजी महाराजांची मुंज करून वैदिक विधीनं राज्याभिषेक केला. म्हणजे निकाल तेव्हाच लागला होता, आणि तोही भोसले घराण्याच्या बाजूनं. तरी 1830 च्या सुमारास साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांच्या काळात तोच प्रश्न पुन्हा निघाला, आणि 1899 मध्ये घाटावरचे मंत्र पुन्हा पुराणोक्तच होते. लागलेला निकाल गुपचूप मोडून वहिवाट बदलायची, आणि समोरच्यानं विचारलं की म्हणायचं, मिटलेला विषय कशाला काढता? बांधाच्या दाव्यात आम्ही याला अतिक्रमण म्हणतो. नांगराच्या दर फेरीला बांध वीतभर सरकतो, आणि मोजणी मागणारा तेवढा भांडखोर ठरतो.

2023 च्या रामनवमीला कोल्हापूरच्या राजघराण्यातल्या संयोगिताराजे छत्रपतींनी नाशिकच्या काळाराम मंदिरातला मंत्रांबाबतचा आपला अनुभव जाहीरपणे लिहिला, तेव्हा तोच वेदोक्ताचा शब्द पुन्हा वर्तमानपत्रांत आला. मंदिराच्या बाजूनं गैरसमज झाल्याचा खुलासा आला. माझा एक जुना ज्युनिअर तेव्हा मला म्हणाला, "साहेब, वाद खरंच मिटला असता तर पुन्हा निघाला असता का?" त्याच्या एवढ्या नेमक्या युक्तिवादाला कोर्टात कधी दाद मिळालेली मला आठवत नाही.

वाद कधी मिटला म्हणायचा आणि कधी पुन्हा उघडायचा, हा पेच आपल्या शास्त्रकारांना ठाऊक होता. प्रतिवादीनं द्यायच्या उत्तराचे त्यांनी चार प्रकार सांगितले, त्यातला एक 'प्राङ्न्याय' : या वादात तू आधीच हरला आहेस. म्हणजे आमचं कलम 11 इंग्रजांनीच आणलं असं नाही. पण स्मृतिकार याज्ञवल्क्य तिथं थांबत नाही. चुकीचा निकाल राजानं पुन्हा तपासावा आणि चूक सिद्ध झाली तर न्यायसभेतल्या सभ्यांना, जिंकलेल्या पक्षासकट, दुप्पट दंड करावा, असं तो सांगतो. आणि रीतसर हरूनही 'मी हरलोच नाही' म्हणत जो पुन्हा येईल, त्याला पुन्हा हरवून त्याच्याकडूनही दुप्पट दंड घ्यावा. दार उघडं आहे, पण आत येणाऱ्यानं काहीतरी पणाला लावून यायचं. चुकीचा निकाल देणारा बसल्या जागी सुरक्षित नाही, हे तर मला आजच्या कायद्यापेक्षाही धीट वाटतं.

तत्त्वज्ञानात तर निकाली निघालेला वाद असं काही नाहीच. ब्रह्मसूत्रांवर शंकराचार्यांनी भाष्य लिहिलं म्हणून रामानुज गप्प बसले नाहीत, रामानुजांनी लिहिलं म्हणून मध्व थांबले नाहीत. तीच सूत्रं, पुन्हा पहिल्यापासून. अट एकच होती, आधी पूर्वपक्ष मांडायचा. समोरच्याचं म्हणणं इतकं नीट मांडायचं की त्यानं ऐकून म्हणावं, हो, हेच मला म्हणायचंय. न्यायसूत्रांत तर नुसती पुनरुक्ती हे हरल्याचं लक्षण धरलंय. सूट आहे ती काही हेतू ठेवून पुन्हा सांगणाऱ्याला.

ही अट आज कोण पाळतं? आमच्याकडं नवरात्र आलं की देवी अंबाबाई की महालक्ष्मी, हा वाद हटकून निघतो. तिरुपतीहून शालू आला की त्याला जोर चढतो : ती विष्णुपत्नी लक्ष्मी, की आदिशक्ती? प्रश्न चांगला आहे, तो निघावाच. पण महाद्वार रोडला चहाच्या गाड्यावर तावातावानं बोलणाऱ्यांना मी विचारतो, मूर्तीच्या हातात काय काय आहे? म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र, पाठीशी सिंह. हे न पाहता दोन्ही बाजू गेल्या वर्षीचीच वाक्यं म्हणतात. हा वाद नव्हे, घोकंपट्टी.

तेव्हा माझा निकाल असा. धर्माच्या प्रश्नाला कलम 11 लागू नाही. दोनशे वर्षं जुना असो की कालचा, कुणीही तो पुन्हा काढावा; वय, जात, पदवी विचारू नये. पण मागचं दफ्तर न वाचता येणाऱ्याचा अर्ज मी दाखल करून घेणार नाही. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड शिवाजी विद्यापीठानं छापलेत, आणि करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून उघडं आहे. आधी तिथं जाऊन या, मग घाटावर भेटू.