सामान्य जीवनाचे ऋण

मनुष्याच्या आयुष्याचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न फार जुना आहे. शास्त्रकारांनी त्याचा ऊहापोह केला, संतांनी आपल्या आचरणाने त्याचे उत्तर दिले. तथापि तो आजही घरोघरी नव्याने उभा राहतो. सत्तरी ओलांडलेला एखादा गृहस्थ सायंकाळी देवदर्शन करून मंदिराच्या पायरीवर टेकतो आणि सोबत्याला म्हणतो, "जन्म सरला, पण हातून काही झाले नाही." पद मिळाले नाही, मालमत्ता साठली नाही, वर्तमानपत्रात कधी नाव आले नाही. मुले वाढवली, शेजारधर्म पाळला, घेतलेले देणे फेडले. एवढ्यालाच आयुष्य म्हणावयाचे काय? हा उद्गार विनयाचा आहे असे समजून आपण हसून सोडून देतो. पुष्कळदा तो विनय नसतो, खरीखुरी खंत असते. तिचे उत्तर त्या गृहस्थाजवळ नसते, कारण ते आपल्याजवळ असते. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खासबागेतील वाचकांस यासाठी दूर जावयास नको. खासबाग, वडगाव, शहापूर हा बेळगावचा दक्षिण भाग पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचा म्हणून ओळखला जातो. पुष्कळ घरांत हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, तरी कापड ज्या दोन धाग्यांनी बनते ते दोनच राहिले: उभा ताणा आणि आडवा बाणा. ताणा मागावर चढण्यापूर्वी सूत रंगवावे लागते, त्याला खळ द्यावी लागते, तुटल्या धाग्याला धागा सांधावा लागतो, एकेक तार फणीतून ओवून घ्यावी लागते. बाण्याचे सूत कांडीवर भरावे लागते. ती कांडी धोट्यात बसते, धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो आणि वीत वीत करीत साडी उतरते. कांडीवरचे सूत संपले की माग थांबतो. विणणारा कितीही कुशल असो, रिकाम्या धोट्याने त्याला एक तारही विणता येत नाही.

हातमागाच्या घरांत कांडी भरण्याचे हे काम बहुधा स्त्रिया आणि वृद्ध माणसेच करीत आली आहेत. सून चुलीजवळचे आवरून रहाटाशी बसते. डोळ्यांनी नीट दिसेनासे झालेली आज्जी केवळ बोटांच्या स्पर्शाने सूत ओळखते. सूत सैल पडले तर ते धोट्यात अडकते, फार ताणले तर तुटते. बोटाला नेमका दाब कळावा लागतो. साडी तयार होऊन पेठेत जाते. घेणारी बाई पदर पाहते, काठ पाहते, रंग पक्का आहे ना हे विचारते. कांडी कोणी भरली हे ती विचारीत नाही, आणि ज्या आज्जीने ती भरली तिलाही कोणी विचारावे असे वाटत नाही. वास्तविक त्या साडीचा प्रत्येक आडवा धागा तिच्या बोटाखालून गेलेला असतो. साडी लग्नात नेसली जाते, सणाला नेसली जाते, शेवटी मऊ होऊन तान्ह्या मुलाची दुपटी होते. आज्जीचे काम इतक्या घरांत पोहोचलेले असते. मात्र ते पाहावयास आज्जी तेथे नसते.

सामान्य माणसाचे मोल त्याला स्वतःला दिसत नाही, याचे कारण या दृष्टान्तात आहे. त्याचे कर्तृत्व त्याच्याजवळ साठत नाही, ते दुसऱ्यांच्या आयुष्यात विणले जाते. धनिकाला आपली संपत्ती मोजता येते, पंडिताला आपले ग्रंथ फळीवर मांडता येतात. परंतु ज्या मावशीने शेजारच्या आईविना पोराला रोज दोन घास घातले, तिने आपले काम कोठे मांडून ठेवावे? ते पोर मोठे होऊन परगावी नोकरीला गेले. मावशीचे काम त्याच्याबरोबर गेले. ती मागे वळून पाहते तेव्हा तिला रिकामे अंगण दिसते आणि ती म्हणते, "हातून काही झाले नाही." जमाखर्चाची वही जर दुसऱ्यांच्या घरी असेल, तर ती वाचून दाखवणे हे दुसऱ्यांचेच काम नव्हे काय?

आपण मात्र ती वही तेव्हा उघडतो जेव्हा माणूस उरत नाही. आमटीत मीठ असते तोवर मिठाची आठवण कोणाला होत नाही. ते नसले की पहिल्याच घासाला कळते. २०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा या भागातील मागांचा खडखडाट थांबला. ज्या आवाजाकडे एरवी कोणाचे लक्ष नसे, त्याच्या अभावाने गल्ल्या ओक्याबोक्या वाटू लागल्या. त्याच दिवसांत नळाला पाणी सोडणारा, कचरा उचलणारा, दवाखान्यात रात्रपाळी करणारी परिचारिका, किराणा घरपोच करणारा पोरगा, या सर्वांची किंमत आपणांस एकाएकी उमगली. टाळ्या वाजल्या, थाळ्याही वाजल्या. पुढे दिवस पालटले आणि ती जाणीव हळूहळू ओसरली. अभाव हा चांगला शिक्षक खरा, पण त्याची फी फार जबर असते. माणूस गमावून त्याचे मोल शिकण्यापेक्षा ते माणूस असतानाच शिकावे, यातच शहाणपण आहे.

आपल्या परंपरेने हे ओळखले होते. सावता महाराज अरण गावचे माळी. पंढरपूर तेथून फार दूर नाही, तरी ते आपला मळा सोडून वारीला गेले नाहीत, मळ्याच्या कामातच त्यांनी विठ्ठल पाहिला, असे परंपरा सांगते. इ. स. १२९५ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यानंतरची रीत विचार करण्यासारखी आहे: सर्व संतांच्या पालख्या पंढरपुरास येतात, परंतु सावतोबांच्या भेटीसाठी पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. मळ्यात राबणाऱ्याने देवाच्या दारी जाऊन आपली ओळख पटवावी असे येथे झाले नाही. देवच त्याच्या बांधावर गेला. मोठ्याने लहानाच्या दारी चालत जावे, हा या पालखीचा अर्थ आहे.

आपला हा सीमाभाग दोन भाषांचा आणि दोन संतपरंपरांचा वारसदार आहे. बाराव्या शतकातील कल्याण नगरीत शरणांच्या मेळ्यात आयदक्की मारय्या नावाचे भक्त होते. वाटेवर सांडलेले तांदळाचे दाणे वेचणे हे त्यांचे 'कायक', म्हणजे श्रद्धेने केलेले श्रमकर्म. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घरी आणले. पत्नी लक्कम्मा यांनी ते पाहिले आणि जास्तीचे दाणे परत ठेवून येण्यास सांगितले. गरजेपुरते ते आपले, अधिक ती आसक्ती, असा त्यांचा भाव होता. या कथेत राज्य नाही, युद्ध नाही, चमत्कार नाही. एक स्वयंपाकघर आहे, एक सूप आहे आणि गृहिणीचा एक प्रश्न आहे. तरी आठशेहून अधिक वर्षे ही कथा टिकली. नवऱ्याला वेळेवर एक प्रश्न विचारणारी स्त्री घराला केवढा आधार देते, हे तेव्हाच्या समाजाने ओळखले व जपले म्हणूनच ती टिकली. आजही अनेक घरांत लक्कम्मा आहेत. त्यांची नोंद ठेवणारे कान मात्र कमी झाले आहेत.

जवळचे आणखी एक उदाहरण. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविले असे हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या तयारीसाठी केलेले परिश्रम इतिहासात नोंदलेले आहेत. जमणाऱ्या समुदायाच्या पाण्यासाठी टिळकवाडीत एक विहीर खणण्यात आली. काँग्रेस विहीर म्हणून ती आजही दाखवतात. अध्यक्षांचे भाषण ग्रंथात आहे. विहीर खणणाऱ्यांच्या, तिच्या तळाशी उभे राहून चिखलाची पाटी वर देणाऱ्यांच्या नावांचा फलक मात्र नाही. भाषणाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. एवढेच ध्यानी घ्यावयाचे की ते ऐकणाऱ्या सहस्रावधी लोकांची तहान कोणाच्या तरी श्रमाने भागली होती. इतिहासाला वक्ता लागतो, तसा पाणी पुरवणाराही लागतो.

येथे दोन शंका संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिली शंका अशी: मोल जर उपयोगावर ठरत असेल, तर जो आता उपयोगी पडत नाही त्याचे काय? अंथरुणाला खिळलेली वृद्धा, जन्मतःच पंगू असलेले मूल, यांना कोणत्या रकान्यात बसवावे? उत्तर असे की उपयोग ही मोलाची खूण आहे, मोलाचे मूळ नव्हे. न चालणारा माग भंगारात देता येतो. माणूस हा माग नाही. ज्या आज्जीने तीस वर्षे कांड्या भरल्या, तिचे हात थांबले म्हणून आपल्या अंगावरचे कापड विरून जात नाही आणि तिचे ऋणही फिटत नाही. आणि ज्या लेकराच्या हातून कधी काही घडलेच नाही, त्याच्या उशाशी तर आपली मोजपट्टीच निरुपयोगी ठरते. घर त्याच्यासाठी रात्र रात्र जागते ते हिशेबाने नव्हे. तेथे आपणांस कळते की माणसाची प्रतिष्ठा आपण दिलेली नाही. ती आधीच होती, आपण फक्त ओळखली किंवा ओळखली नाही.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे. सामान्यांच्या त्यागाचे गोडवे गाणे हे त्यांना आहे तेथेच ठेवण्याचे साधन होत नाही काय? होते, पुष्कळदा होते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत शेकडो स्त्रियांनी वर्षानुवर्षे धुळीत राबून कुटुंबे जगवली. त्यांचे कष्ट सर्वांस ठाऊक होते, हळहळही होती. परंतु १९८० च्या सुमारास त्या स्वतः संघटित होऊन उभ्या राहिल्या, तेव्हाच मजुरीचा आणि माणुसकीच्या वागणुकीचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यांच्या या लढ्यावर १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट निघाला, आणि वखारीच्या भिंतींआडचे ते चेहरे जगाने पाहिले. कौतुकाने पोट भरत नाही, हा धडा या घटनेत आहे. आपल्या माग चालणाऱ्या घरांकडेही याच दृष्टीने पाहावे. मजुरी साडीमागे ठरते आणि विणणाऱ्याच्या नावे पडते. कांडी भरणाऱ्या सुनेचा वाटा त्यात आहे की नाही, हे किती घरांत विचारले जाते? ओळख खरी असेल तर ती हातापर्यंत पोहोचली पाहिजे: वाट्याच्या रूपाने, विश्रांतीच्या रूपाने, निर्णयात विचारल्या जाणाऱ्या मताच्या रूपाने.

याच ठिकाणी निष्काम कर्माच्या उपदेशाचा विपर्यास होताना दिसतो. "त्यांना कसली अपेक्षा आहे? ते निरपेक्षपणे करतात," असे म्हणून आपण मोकळे होतो. फळाची आशा धरू नये हा उपदेश कर्म करणाऱ्यास आहे. फळ उपभोगणाऱ्याने आभार मानू नयेत असा उपदेश कोणत्याही शास्त्रात नाही. निष्कामता हा देणाऱ्याचा धर्म, कृतज्ञता हा घेणाऱ्याचा धर्म. देणारा आपला धर्म पाळतो, म्हणून घेणारा आपल्या धर्मातून सुटत नाही. दुसऱ्याच्या निरपेक्षतेवर आपली कृतघ्नता पोसणे हा शुद्ध अधर्म होय.

सेतुबंधाच्या वेळी वाळूचे कण वाहणाऱ्या खारीची लोककथा सर्वांस ठाऊक आहे. आपण 'खारीचा वाटा' हा शब्द स्वतःच्या लहानशा देणगीविषयी नम्रतेने वापरतो. पण त्या कथेचा उत्तरार्ध विसरू नये. एवढ्या धामधुमीत, डोक्यावर युद्ध असताना, प्रभू रामचंद्रांनी ती खार पाहिली, तिला उचलून घेतले आणि तिच्या पाठीवरून बोटे फिरवली. वाटा खारीचा होता. पाहणे रामाचे होते. खारीसारखे व्हावे असे आपण मुलांना शिकवतो, तसे रामासारखे पाहावे हेही शिकवले पाहिजे.

हे पाहणे कठीण नाही. पहिली गोष्ट, जे सांगावयाचे ते माणूस समोर असताना सांगावे. तेराव्या दिवशीची स्तुती ज्याच्यासाठी असते तोच तेवढा ती ऐकत नाही. दुसरी गोष्ट, मोघम बोलू नये. "तुम्ही फार थोर" हे शब्द वाऱ्यावर जातात. "अण्णा, माझ्या परीक्षेच्या वर्षी तुम्ही रोज पहाटे मला उठवलेत म्हणून मी उत्तीर्ण झालो," हे वाक्य ऐकणाऱ्याच्या उशाशी वर्षानुवर्षे राहते. तिसरी गोष्ट, मंदिरापासून आरंभ करावा. देणगीदारांची नावे संगमरवरावर असतात, ती असावीतच. परंतु फुलवाती वळणाऱ्या अक्का, उत्सवानंतर मंडप झाडणारे हात, प्रसादाची भांडी घासणाऱ्या बाया यांचीही नावे वर्षातून एकदा सभामंडपात मोठ्याने वाचली जावीत आणि त्यांच्या मुलानातवंडांनी ती ऐकावीत. यास खर्च लागत नाही. लागते ती फक्त नोंद ठेवण्याची वृत्ती.

ज्यांच्याविषयी हे लिहिले, त्यांनाही एक विनंती आहे. कोणी येऊन असे काही सांगू लागला तर "छे, त्यात काय" म्हणून त्याला परतवू नये. तो आपली स्तुती करावयास आलेला नसतो. ऋण मान्य करावयास आलेला असतो, आणि ते मान्य करू देणे हेही एक दानच आहे. म्हणून, वाचकहो, या आठवड्यात आपल्या गल्लीतील एकच घर निवडा. तेथील वृद्ध माणसाजवळ घटकाभर बसा आणि त्यांच्यामुळे आपल्या आयुष्यात जे एखादे काम झाले असेल, ते नाव-गाव-वर्षासह त्यांना सांगा. त्यांच्या जमाखर्चाचे पान आपल्या घरी पडून आहे. ते त्यांना वाचून दाखवावयाचे आहे.