मरणाशी न पटलेली आशा

कोल्हापुरात मयत झाली की गल्लीत कुणाला निरोप धाडावा लागत नाही. कोण तिरडीचं बघतो, कोण पाहुण्यांना फोन लावतो, कोण पुढं होऊन पंचगंगेवर वर्दी देतो. होळी जवळ आली की या गावात शेणी दान करायचं आवाहन होतं आणि तरुण मंडळं स्मशानात शेणींचे ढीग लावतात. मेलेल्याची सोय करण्यात आम्ही कोल्हापूरकर कधी कमी पडत नाही. आमची अडचण होते ती मागे राहिलेल्याशी बोलताना. रक्षाविसर्जनाला जमलेल्या माणसांत तीच ती चार वाक्यं फिरत असतात : सुटले बिचारे. सोनं झालं. आला तो जाणारच. आता पोरांकडं बघ. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण नीट ऐकलं तर प्रत्येकाचा मतलब एकच निघतो : आता रडणं आवर.

याच गावात दीडशे वर्षांहून जास्त काळ एक वेगळा दिलासा नांदतो आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापूर संस्थानात आले. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च न्यू शाहूपुरीत उभं आहे. इथल्या ख्रिस्ती मंडळींची आडनावं आपलीच, तांबडा-पांढरा आपलाच, बोलण्यातला ठसकाही तोच. फरक जाणवतो तो मातीच्या वेळी. बाकीच्या गावाचा समज असा की त्यांचं बरं असतं. माणूस स्वर्गात गेला म्हणायचं, की दुःखाचा निकाल लागला. मला हा समज सपशेल चुकीचा वाटतो, आणि त्याची उलटी बाजू मांडण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

स्वर्गाविषयीचा संशय आमच्या पाण्यातच आहे, हे आधी कबूल करायला हवं. जोतीराव फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये आलं. त्यात पूजा, नामस्मरण, अनुष्ठान यांच्याबरोबर स्वर्गाचीही झाडाझडती आहे. 1899च्या सुमारास कार्तिकातल्या पंचगंगास्नानाला खुद्द छत्रपतींना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही असं ऐकावं लागलं, आणि तिथून पुढचा इतिहास घडला. परलोकाच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला, ते इहलोकातही माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करतात, हे या शहरानं डोळ्यांनी पाहिलं आहे. धर्माला अफू म्हणणारा मार्क्स इथं वाचावा लागत नाही. (वाचलाच तर पुरता वाचावा. 1844च्या त्या निबंधात त्याच परिच्छेदात त्यानं धर्माला गांजलेल्या जिवाचा उसासाही म्हटलं आहे. आपण अफू तेवढी लक्षात ठेवली.)

पण ख्रिस्ती शास्त्र मरणाबद्दल मुळात म्हणतं तरी काय? कॅलेंडरावरचे ढग आणि पंखवाली बाळं बाजूला ठेवा. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल मरणाला शत्रू म्हणतो, सगळ्यांत शेवटी ज्याचा नाश व्हायचा आहे असा शत्रू. मित्र नव्हे, सुटका नव्हे, निसर्गनियमही नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले आहेत. येशू तिथं पोचतो. आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक आहे. थोड्याच वेळात तो हाक मारणार आहे आणि मेलेला बाहेर येणार आहे. तरीही कबरेपाशी जाताना तो रडतो. बहिणींना ‘रडू नका, आत्ता उठवतो’ म्हणत नाही. या प्रसंगाइतका मोठा आधार मला त्या साऱ्या धर्मात दुसरा दिसत नाही. शेवट गोड होणार हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्यालाही मधलं दुःख टाळता आलेलं नाही, आणि टाळायचंही नव्हतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली जुन्या वस्त्राची उपमा आपल्या हाडात मुरली आहे. तिची भव्यता मला मान्य आहे. पण लहान लेकरू गेलेल्या आईला ती ऐकवून बघा. तिनं न्हाऊ घातलं, तीट लावली, तापात रात्रभर थोपटलं, ते सगळं त्या वस्त्रालाच. आत्मा तिच्या हाती कधी लागलाच नव्हता. ख्रिस्ती आशा इथं हट्टीपणा करते. तिचं म्हणणं पुनरुत्थानाचं आहे, म्हणजे शरीरासकट माणूस परत मिळण्याचं. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायांत माणसं वर जात नाहीत. नगरीच खाली उतरते आणि देव माणसांत राहायला येतो. हे घडेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण ज्या देहावर जीव जडला होता तो देह नगण्य होता, असं ही आशा म्हणत नाही.

दफनाच्या वेळी हे उघड दिसतं. खड्ड्याच्या कडेला उपसलेली ओली माती. पेटीखालून घातलेले दोर चौघांच्या हातातून सरकत जातात, आणि पेटी तळाला टेकली की ते ढिले पडतात. त्या क्षणी घरच्या बायकांचा धीर सुटतो. पाळक थांबतात. मग कुणीतरी ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडून, बऱ्याचदा न उघडताच, गाणं धरतं. चाल भजनाची, शब्द अभंगाच्या वळणाचे. एका आवाजाला हुंदका अडतो तेव्हा ओळ दुसरा उचलतो. जमलेला प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. रडणं आणि गाणं एकाच वेळी चालू असतं, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

त्या पुस्तकातली कितीतरी गाणी नारायण वामन टिळकांची आहेत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं हा माणूस सांगायचा. मराठी वारकऱ्याला नुसत्या मोक्षाचं फारसं कौतुक कधी नव्हतं. त्याला भेट हवी असते, संगत हवी असते. टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला दिलेला परलोक या मातीतला आहे. रत्नजडित वेशींपेक्षा त्यात दर्शनाची ओढ जास्त. टिळक 1919च्या मे महिन्यात मुंबईत गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी दिला गेला आणि अस्थी अहमदनगरला ख्रिस्ती दफनभूमीत ठेवल्या. देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारा माणूस देह जाळायला सांगतो, यावर त्या काळी भुवया उंचावल्या असतील. मला त्यात त्यांचा निर्धास्तपणा दिसतो.

मरण शत्रू ठरलं, की नुसतं गाऊन भागत नाही. मिरजेचं मिशन हॉस्पिटल विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात उभं केलं. कोल्हापुरात मेरी वॉनलेस यांच्या नावाचं इस्पितळ आहे. परलोकाची आशा इहलोकाकडे पाठ फिरवायला लावते, हा आक्षेप मिरज-कोल्हापूरच्या माणसानं जरा जपून घ्यावा. आपल्याकडच्या किती घरांत आजोबांचं ऑपरेशन ‘मिशनात’ झालं होतं!

या आशेचा गैरवापर होत नाही असं मात्र नाही. ‘तो प्रभूजवळ सुखी आहे, मग तू का रडतेस, तुझा विश्वास कमी पडतो काय?’ असं विधवेला तोंडावर म्हणणारे उपदेशक आहेत. आमच्या ‘सोनं झालं’चीच ही बायबलच्या कव्हरात घातलेली आवृत्ती. थेस्सलनीकाकरांना पौलानं लिहिलं त्याचा रोख, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असा आहे. शोकच करू नका, असा नाही. पत्नी गेल्यावर सी. एस. लुइसनं 1961 मध्ये टोपणनावानं एक छोटं पुस्तक काढलं. आयुष्यभर ख्रिस्ती श्रद्धेची वकिली केलेला हा लेखक त्यात धर्माच्या सांत्वनाची भाषा घेऊन येणाऱ्यांवर अक्षरशः चिडलेला आहे. पलीकडच्या तीरावर घरच्यांच्या गाठीभेटी होतात, ही चित्रं त्याला सोसत नाहीत. श्रद्धा मात्र त्यानं सोडली नाही.

कोरोनाच्या काळात अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती. शास्त्रातलं वचन तेच होतं, त्यातलं अक्षर बदललं नव्हतं. पण ओळ उचलायला दुसरा आवाज नव्हता, आणि मोबाइलवर लावलेल्या गाण्यानं ती उणीव भरली नाही. स्वर्गाच्या आशेतला किती दिलासा माणसांच्या गळ्यातून येत होता, हे तेव्हा कळलं.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. या स्वर्गाला दार आहे, आणि दार म्हटलं की बाहेर कोण हा प्रश्न येतोच. पंडिता रमाबाईंना तो चुकला नसणार. पुराणं सांगत आईवडिलांबरोबर देशभर पायी हिंडलेली ही बाई. पुढे आत्मकथनात तिनं लिहिलं, की शास्त्रांत बाकी कितीही मतभेद असले तरी दोन गोष्टींवर त्यांचं एकमत दिसलं : बायका वाईट, आणि पुरुषासारखा मोक्ष त्यांना नाही. ख्रिस्ताच्या आशेत तिला आधी दिसला तो हा मोकळा उंबरा. नवऱ्याच्या पुण्याईची गरज नाही, जातीची नाही. नवरा बिपिन बिहारी मेधावी 1882 मध्ये कॉलऱ्यानं गेले, तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. तीच मनोरमा चाळिशीत, 1921च्या जुलैत गेली. म्हाताऱ्या आईनं त्यानंतरही केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून चालवलेलं बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर सोडलं नाही, आणि 1922च्या एप्रिलमध्ये ती गेली. लेकीची भेट होईल या भरवशावर तिनं ते शेवटचे महिने काढले असतील, तर मी तिला अफूबाज म्हणणार नाही.

पण तिचे वडील? अनंतशास्त्री डोंगरे 1870च्या दशकातल्या दुष्काळात, आंधळे, उपाशी, परमुलखात गेले. जाण्याआधी त्यांनी या धाकट्या लेकीला जवळ घेऊन आयुष्यभर देवाची सेवा करायला सांगितलं, असं तिनंच लिहून ठेवलं आहे, ख्रिस्ती झाल्यानंतर, आणि मायेनं. काटेकोर धर्मपंडितांच्या हिशेबात ते दाराबाहेर. समंजस पाळक म्हणतात, ते देवावर सोपवा. मला हे दुसरं उत्तर पटतं, पण त्यानं पहिल्याचं काय करायचं ते सुटत नाही. बायकांना मोक्ष नाही म्हणणाऱ्या काळात बायकोला हौसेनं संस्कृत शिकवणाऱ्या त्या बापाला वगळून रमाबाईंना कोणता स्वर्ग पुरला असता, हे मला तरी अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.