उघडा उतार

आनंदाचे मूल्य ठरविताना तो कोणत्या भूमीवर उगवला याचा विचार करावा की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच सरळ विचारला जातो. परंतु व्यवहारात तो पदोपदी उभा राहतो. एकाने अन्यायाने मिळविलेल्या धनातून धर्मशाळा उभी राहिली, तर तिच्या ओसरीवर विसावणाऱ्या वाटसरूला दोष द्यावा काय? बहुतेकजण नाही असेच म्हणतील. आणि तरीही, त्या धनाची हकीकत कानावर पडल्यावर वाटसरूची झोप थोडीतरी चाळवेल, हेही कोणी नाकारणार नाही.

हा प्रश्न मला आटपाडीच्या माळावर सुचला. माणदेशातील हा मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस बेताचा, झाड विरळ, आणि दृष्टी क्षितिजापर्यंत निर्वेध. टेकडीच्या मुरमाड उतारावर मेंढरांमागची चार पोरे फाटक्या पोत्यावर बसून घसरत होती. खाली पोचली की धुळीने माखलेल्या अंगाने पुन्हा वर धावत. त्यांचे खिदळणे ऐकता ऐकता मनात आले, की उतार उघडा आहे म्हणूनच हा खेळ आहे. झाडी असती तर तो नसता. आणि या विचाराच्या पाठोपाठ आठवण झाली ती याच खेळाच्या एका दूरच्या व श्रीमंत भाऊबंदाची.

हिमप्रदेशांत पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याची क्रीडा आहे. तिला स्कीइंग म्हणतात. आपल्या देशात तिचे प्रसिद्ध स्थान काश्मिरातील गुलमर्ग. तेथे इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ साली तिच्यासाठी मंडळ स्थापिले. परंतु या क्रीडेचे जे खरे वेडे, त्यांना यंत्राने वर नेणारे गजबजलेले उतार नकोसे होतात. ते स्वतःच्या पायांनी निर्जन डोंगर चढतात आणि अस्पर्श हिमावरून खाली येतात. दाट अरण्यातून घसरणे मात्र दुर्घट. म्हणून अमेरिका व कॅनडा येथील डोंगरांत लाकडासाठी जेथे झाडे सरसकट तोडली गेली, तेथील उघडे उतार त्यांच्यापैकी कित्येकांना प्रिय झाले आहेत. ओंडके वाहण्यासाठी केलेला रस्ता त्यांना पायथ्याशी पोचवितो. तोडीने झालेली मोकळीक त्यांना वाट देते. हिमवृष्टी पुरेशी झाली की बुंधे बर्फाखाली गाडले जातात, आणि वरून पाहणाऱ्याला केवळ शुभ्र उतार दिसतो.

हा मनुष्य दोषी म्हणावा काय? कुऱ्हाड त्याने चालविली नाही; लाकूड त्याने विकले नाही. तो तेथे गेला नसता तरी पडलेले एकही झाड पुन्हा उभे राहिले नसते. उलट, यंत्रांचा गोंगाट व नवे बांधकाम टाळून जे उघडे पडलेच आहे त्याचा तो उपयोग करतो. ही एका अर्थी काटकसरच झाली. तेव्हा त्याचा आनंद निर्दोष मानणे प्राप्त आहे.

येथेच थांबता आले असते तर बरे होते. परंतु तोडलेले रान स्वस्थ बसत नाही. बुंध्यांमधून रोपे वर येतात. काही वर्षांत त्यांची दाटी होते आणि घसरण्याची वाट बंद होते. खरी परीक्षा या वेळी आहे. त्या रोपांकडे पाहून क्रीडकाच्या मनात काय येते? रान परतले म्हणून तो संतोषतो, की आपली वाट गेली म्हणून हळहळतो? हळहळ स्वाभाविक आहे; पण ती इच्छेचे रूप घेऊ लागली की तिचा शेवट कोठे होतो, याचे उदाहरण घडून गेले आहे. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्यात बिग जे नावाच्या शिखरावर २००७ साली दोघा इसमांनी घसरण्यास वाट मिळावी एवढ्यासाठी संरक्षित भूमीवरील शेकडो झाडे बेकायदेशीर रीतीने तोडली. दुसऱ्याने तोडलेल्या उतारावर प्रथम आनंद मानणे आणि पुढे त्याच आनंदासाठी स्वतः तोड करणे, यांत अंतर पुष्कळ आहे; परंतु वाट एकच आहे. त्याच राज्यात ब्रँडन गॅप येथे पुढे क्रीडकांच्या एका संघाने वनखात्याच्या संमतीने, मोठी झाडे राखून व केवळ खालची दाटी विरळ करून, अशाच वाटा केल्या. हौस तीच, पण येथे तिने रानाची मर्यादा मानली.

तात्पर्य, परक्याच्या अपराधातून अनायासे मिळालेले सुख हे पाप नव्हे. पण ज्या दिवशी त्या सुखासाठी तो अपराध चालू राहावा असे वाटू लागते, त्या दिवशी आपण त्याचे भागीदार होतो.

मग आटपाडीच्या पोरांचे काय? त्यांच्या पोत्याखालीही बुंधे गाडलेले आहेत काय? येथे आपणा सुशिक्षितांची एक खोड आड येते. उघडी टेकडी दिसली की ती उजाड झालेले अरण्यच असली पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. इंग्रजी राजवटीच्या दप्तराने अशा जमिनींना पडीक म्हटले आणि तो शब्द आपल्या विचारात मुरला. वस्तुतः गवत, बोर, बाभूळ, हिवर, चंडोल, लांडगा यांचा हा संसार फार जुना आहे. पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या मराठी वाङ्मयातील झाडांच्या उल्लेखांचा अलीकडे अभ्यासकांनी मागोवा घेतला, तेव्हा कित्येक शतकांपूर्वीही येथे काटेरी झाडांचे मोकळे माळच होते, असेच दिसून आले. कोठे तोड झालीच नसेल असे नव्हे. पण जेथे अपराध घडलाच नाही तेथे प्रायश्चित्त लादणे हाही अपराधच होय. चांगल्या गवताळ माळावर गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे ओळीने लावून मेंढपाळाची वाट अडविली, म्हणजे पुण्य कोणाच्या पदरी पडले? जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना, जंगलखात्याने डोंगर व गायराने गिळल्याने गरिबांची गुरे कशी उपाशी राहिली, हे गाऱ्हाणे मांडले होते. म्हणून आनंदाचा न्याय करण्यापूर्वी भूमीचा इतिहास विचारावा. केवळ डोळ्यांची साक्ष पुरत नाही.

आणि जेथे अपराध खरोखरच घडला आहे तेथे काय करावे? याचे एक उत्तर आटपाडीजवळच सापडते. औंध संस्थानात १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी व त्यांचे सहकारी मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रयत्नाने येथे स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारे कैदी भिंतींवाचून तेथे राहिले आणि त्यांनी शेती केली. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून निघालेला 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट याच प्रयोगावरून स्फुरला. घडलेला गुन्हा न घडलेला झाला नाही, आणि तो विसरावा असेही कोणी म्हटले नाही. पण त्या जमिनीत जे पिकले त्याचा आनंद शुद्ध होता. कारण तो टिकण्यासाठी पुन्हा कोणी गुन्हा करण्याची आवश्यकता नव्हती.

हीच कसोटी मला पुरेशी वाटते. बर्फावर घसरणाऱ्याने उतरून आल्यावर एकवार मागे वळून त्या रोपांकडे पाहावे आणि ती वाढोत असे मनापासून म्हणता येते का, ते तपासावे. म्हणता आले, तर पुढच्या हिवाळ्यात त्याने खुशाल पुन्हा यावे. आणि वाट बुजलेली असेल, तर दुसरा डोंगर शोधावा. माळावरच्या पोरांना तर एवढीही झडती नको. सूर्य कलला तेव्हा त्यांनी पोते झटकले, मेंढरांना हाळी दिली आणि ती गावाच्या वाटेला लागली. मागे उतारावर गवत होते तसेच उभे होते.