रस्त्याचे पुण्य कुणाचे?

भोकर हे वाटा फुटण्याचे गाव. नांदेडहून येणारा राष्ट्रीय महामार्ग 61, जुन्या लोकांच्या तोंडी अजून 222, इथून तेलंगणातल्या भैंसा, निर्मलकडे जातो. हिमायतनगर-किनवटचा रस्ता इथूनच निघतो आणि मुदखेड-आदिलाबाद रेल्वेही याच गावातून धावते. माहूरच्या रेणुकेला निघालेला भाविक असो की बासरच्या सरस्वतीला, भोकर त्याच्या वाटेवर पडते. अशा गावात चौक मोठा करायचा म्हटले की डांबराची चिंता कुणी करत नाही. खांब, पाइप, केबल आणि देव कुठे हलवायचे, खरा घोळ तिथे असतो.

पहिल्या तिघांचा क्रम कागदावर पक्का आहे. महावितरणने वीज बंद करून खांब मागे घ्यायचे, नळाची वाहिनी कडेला नव्याने टाकायची, केबलसाठी रस्त्याखालून आडवी नळी सोडायची आणि मगच काँक्रीट ओतायचे. प्रत्यक्षात मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांना उलटा क्रम ओळखीचा आहे. नवा कोरा सिमेंट रस्ता, त्यावर ब्रेकरची घरघर, मग चर, मग चरात ढकललेला मुरूम. पहिल्या पावसात मुरूम बसतो आणि दुचाकीवाला पडतो.

हा केवळ खात्यांचा बेबनाव मानून सोडून देता येतो. पण आपल्या परंपरेने सार्वजनिक कामाला धर्मात जागा दिली आहे, म्हणून प्रश्न तिथेही विचारायला हवा. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात पूर्तकर्माची सविस्तर चर्चा केली आहे. विहीर, तळे, बाग, देऊळ, अन्नदान ही पूर्तकर्मे. वैदिक यज्ञाचा अधिकार ज्यांना नाकारला, त्या शूद्रांनाही पूर्ताचा अधिकार स्मृतींनी दिला होता.

त्यातही तळ्याच्या उत्सर्गाचा विधी मुद्दाम पाहण्याजोगा आहे. मत्स्यपुराणात तो तपशिलाने येतो. सोन्याचे कासव, चांदीचा मासा, तांब्याचा बेडूक असे जलचर घडवून घ्यायचे आणि ते विधिपूर्वक अर्पण करायचे. या विधीचा गाभा मात्र सोन्याचांदीत नाही, सोडून देण्यात आहे. दान दिले की वस्तूची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. उत्सर्गात ती सर्व प्राणिमात्रांसाठी सोडली जाते. यजमानाला तिथले पाणी पिता येते, पण चार लोकांसारखे. मालक म्हणून नाही. म्हणजे तळे खणून पुण्य पुरते होत नाही. त्यावरचा हक्क सुटला, तर ते होते.

सर्व प्राणिमात्र म्हणताना समाजाने माणसेच वगळली, हे महाडने दाखवून दिले. 1923 साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव केला, पाठोपाठ महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करून ते पाणी प्यावे लागले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल 1937 साली लागला. गुरेढोरे ज्या पाण्यावर जात होती, तिथे माणसाला जाण्यासाठी न्यायालय गाठावे लागले. मंत्राने सोडलेला हक्क मनातून सुटला नव्हता.

आज तोच हक्क चौकात उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2009 रोजी सार्वजनिक रस्ते आणि उद्यानांत विनापरवाना मंदिर, मशीद, चर्च किंवा गुरुद्वारा उभारण्यास मनाई केली. जुन्या बांधकामांचा निर्णय राज्यांनी एकेक प्रकरण तपासून घ्यावा असे सांगितले. 18 जानेवारी 2013 च्या आदेशात रस्त्यांवरचे पुतळेही आले. दिवे, वाहतूक अशा लोकोपयोगी सोयींना त्यातून मोकळीक आहे. चौकाविषयीची श्रद्धा काही नवी नाही. मनुस्मृती चव्हाट्याला उजवी घालून जायला सांगते, तिठ्यावर उतारा आजही टाकला जातो. गंमत म्हणजे आपल्याकडे डावीकडून चालणारी वाहने गोल चौकाला जी फेरी घालतात, ती प्रदक्षिणेच्याच दिशेने.

मग देव हलवायचा का? हलवता येतो. उजनी धरणात जुने पळसदेव गेले, तेव्हा देवही गावाबरोबर नव्या गावठाणात आला. जुने मंदिर पाणी उतरले की आजही दिसते. आणि श्रद्धेमुळे रस्ते अडतात असेही सरसकट म्हणता येत नाही. 2008 साली शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानेच नांदेडचे रस्ते रुंद झाले, पूल झाले.

गाडगेबाबांनी हा तिढा आपल्यापुरता सोडवला होता. गावात शिरले की आधी खराटा, रात्री कीर्तन. पंढरपूर, नाशिकसारख्या ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठी त्यात खोली ठेवली नाही. जुन्या उत्सर्गाची अट त्यांनी कुठलाही होम न करता पाळली.

या कसोटीवर आजचे काम तपासले तर उणीव लगेच कळते. कोनशिलेवर नावांची दाटी असते. जमिनीखालच्या पाइपवर नाव कोरता येत नाही, म्हणून तो शेवटी आठवतो. चौकातला ओटा, टपरीचा पुढे आलेला पत्रा, खात्याची ‘आमची हद्द’ ही सगळी न सुटलेल्या हक्काचीच रूपे आहेत. भोकरमध्ये चौकाचे काम निघेल तेव्हा नगरपरिषद, महावितरण, पाणीपुरवठा आणि देवस्थानाची मंडळी यांनी नारळ फोडण्याआधी एकत्र बसावे, कोण काय मागे घेणार ते लिहून काढावे आणि तो कागद चौकातच लावावा.