मठातील बिअर

मागील नाताळच्या सुट्टीत राजापुरास घरी आलेल्या एका तरुणाने आम्हांस विचारले, "फादर, तुम्ही प्रवचनात दारूविरुद्ध बोलता, मग बेल्जियममधले तुमचे मठवासी बिअर कशी बनवतात?" पुण्यात त्याने बेल्जियन धर्तीची बिअर चाखली होती. आम्ही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

बेल्जियन बिअर ही एक वस्तू नव्हे, ते एक मोठे कुळ आहे. त्या तरुणाने चाखली ती गव्हाची. तीत धणे आणि संत्र्याची वाळलेली साल घालतात. होगार्डन गावातून ती नामशेष झाली होती. १९६० च्या दशकात पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने तिला पुन्हा जीवदान दिले. मठांची 'डुबेल' गडद तपकिरी, तर 'ट्रिपल' सोनेरी पण अधिक कडक. सर्वांत जुन्या रीतीची 'लाम्बिक' ब्रुसेल्सजवळ बनते. तिच्यात खमीर मुद्दाम घालत नाहीत. धान्याचा उकळलेला रस उथळ, पसरट भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतील व लाकडी पिंपांतील सूक्ष्म जीव त्यास आंबवतात. मग तो एक ते तीन वर्षे पिंपांत मुरतो. आपल्या वाचकांस याचे नवल वाटू नये. माडाची पोय छेदून मडक्यात जमवलेला रस सकाळी गोड असतो आणि दुपारपर्यंत त्याची आंबूस माडी होते. आमच्या भंडारी बांधवांस हे कोणी शिकवावे लागले नाही.

आंबणे हा सृष्टीचाच व्यापार असेल, तर पाप त्या मडक्यात नाही. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीत मठवासीयांस रोज थोडा द्राक्षारस दिला आहे, तोही काहीशा नाखुशीने. स्वतःच्या श्रमावर जगावे आणि मठातील वस्तू विकताना लोभ शिरू नये म्हणून बाजारापेक्षा थोडा कमी भाव घ्यावा, असेही त्यात आहे. आमच्या मते खरी कसोटी तेथे आहे.

वेस्टव्लेटरेन येथील संत सिक्स्टस मठाची कडक बिअर २००५ साली रसिकांच्या एका यादीत जगात पहिली ठरली. मठाच्या दारात मोटारींची रांग लागली. तरीही मठवासीयांनी उत्पादन वाढवले नाही. ग्राहकाने आधी नोंदणी करावी आणि घेतलेली बिअर पुन्हा विकू नये, असा नियम त्यांनी केला. पुढे मठाच्या बांधकामास पैसा हवा होता, तेव्हा मात्र त्यांनी काही काळ ती दुकानांतून विकली. गरज भागताच ते जुन्या रीतीवर परतले. मागणी असूनही थांबणारा कारखानदार आम्ही तरी पाहिलेला नाही.

एवढे सर्व जुळवून आम्ही उत्तर तयार केले होते. ते प्रथम धर्मग्रामातील एका भगिनीस ऐकवले. तिच्या पतीची अर्धी मजुरी दारूत जाते. बेल्जियमने १९१९ साली उपाहारगृहांत कडक मद्य विकण्यास बंदी केली आणि लोक अधिक कडक बिअरकडे वळले, हेही आम्ही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "फादर, ते मठवासी स्वतः कोणती पितात?"

आम्ही खरे ते सांगितले. वेस्टमाले मठात रोजच्या जेवणासाठी ४.८ टक्क्यांची फिकट 'एक्स्ट्रा' वेगळी बनत असे. विक्रीस जाणारी ट्रिपल ९.५ टक्क्यांची.

"म्हणजे हलकी आपल्याला आणि कडक लोकांना," ती म्हणाली आणि भाताचे आधण पाहण्यास आत गेली. त्या तरुणास आम्ही अद्याप पत्र लिहिलेले नाही.