सर्वांच्या मागून कोण चालेल?

धांवणें केवळ पहिल्या येणाऱ्यासाठींच असतें काय? वाचकहो, लंडन येथील बुशी पार्कांत २ ऑक्टोबर २००४ रोजीं १३ जण ५ किलोमीटर धांवले. त्यांतून वाढलेला ‘पार्करन’ हा उपक्रम आज अनेक देशांत दर आठवड्यास चालतो. शुल्क नाहीं, चालत गेलें तरी हरकत नाहीं. शेवटीं येण्याची लाज कोणास वाटूं नये म्हणून एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागून चालतो. वेगवानाचा मान ह्यानें घटत नाहीं. त्याची वेळ नोंदली जातेच. मात्र आजीबाई व बालक ह्यांसही वाट मोकळी होते. शरीराची निगा राखणें हें एकट्या बलवानांचें कर्तव्य नव्हे. म्हणून गांवीं शर्यत भरवितांना, बक्षीस कोणास द्यावें ह्याच्या आधीं, मागून कोण चालेल हें ठरवावें.