भिंतीवरचं सांबर

साधा वाघ मारलेल्या माणसाचा नातू मला आजवर भेटलेला नाही. सगळ्यांच्या आजोबांनी नरभक्षकच मारलेला असतो. गावकरी हात जोडून आलेले असतात, आजोबा नाइलाजानं बंदूक उचलतात आणि एका गोळीत काम तमाम. दुसरी गोळी लागली असं कुणाच्याच घरी ऐकायला मिळत नाही.

आमच्याही घरी हीच गोष्ट होती, फक्त वाघाच्या जागी बिबट्या. आजोबा नाशिकला वकिली करायचे. पेठ-सुरगाण्याकडचे पक्षकार, त्यामुळे त्या बाजूच्या रानाशी ओळख. त्यांच्यामागे राहिलं ते एवढंच: एक दुनळी बंदूक, काडतुसांचा कातडी पट्टा, मेलेल्या बिबट्यामागे उभे असलेले आजोबा असा एक फोटो आणि दिवाणखान्यातली सांबराची शिंगं. शिंगांवर आम्ही लहानपणी दप्तरं अडकवली, वडिलांनी छत्र्या अडकवल्या. शिंगांच्या मुळाशी कवटीचा तुकडा तसाच आहे, त्याला बारीक भेगा पडल्यात आणि तिथली धूळ फडक्यानं निघत नाही, जुना टूथब्रश लागतो.

गोष्टीतली हवा काढली आत्यानं. ती आता ऐंशीच्या पुढची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा मांडली होती, बंदुकीला झेंडूची माळ घालून झाली आणि कुणीतरी नव्या सुनेला नरभक्षकाची गोष्ट सांगायला घेतली. आत्या म्हणाली, ‘‘कसला नरभक्षक रे? नानांना आवड होती. गुरुवार सोडून कधीही निघायचे. परत आले की आईला आधी काळीज शिजवायला सांगायचे, आंघोळ नंतर.’’ खोलीतली मंडळी जरा चपापली. मला मात्र त्या एका वाक्यात आजोबा पहिल्यांदा दिसले. घामेजलेले, भुकेले, खुशीत.

शिकारीची स्मृतिचिन्हं ही मुळातच निवडक आठवणीची वस्तू असते. चुकलेला नेम कुणी भिंतीवर लावत नाही. जखमी होऊन गवतात शिरलेलं जनावर फोटोत येत नाही. आणि हाक्याला आलेली माणसं आली तरी कडेला, अर्धी कापलेली. पत्र्याचे डबे बडवत, ओरडत, अनवाणी रान तुडवत सावज माचाणाकडे ढकलायचं काम त्यांचं. माचाणावरचा माणूस चाप ओढणार. आमच्या फोटोच्या मागे आजोबांचं नाव आहे, त्यांच्या स्नेह्यांचं नाव आहे, हाकाऱ्यांपैकी कुणाचंही नाही.

हे हाकारे ज्या पाड्यांतून यायचे तिथे आजही आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे आपल्याकडे वसुबारस असते त्याच दिवशी, वाघबारस असते. शिवेवर वाघदेव असतो, लाकडात किंवा दगडात कोरलेला, अंगावर चंद्र-सूर्य. गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात आणि वर्षभर गुराढोरांना सांभाळ म्हणून विनवतात. म्हणजे सकाळी वाघदेवाला हात जोडणारा माणूस दुपारी रोजंदारीवर त्याच कुळातलं जनावर साहेबासमोर आणून देत होता. त्याला तेव्हा काय वाटत असेल हे विचारायला आजोबांना सवड झाली नसावी. आम्हीही कधी विचारलं नाही.

शिकार तेव्हा बेकायदा नव्हती, हे आमच्याकडचं दुसरं ठरलेलं वाक्य. ते खरं आहे. मुंबई राज्याचा 1951 चा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा होता, परवाना काढून शिकार करता यायची. 1972 चा केंद्राचा कायदा आला आणि तो खेळ संपत गेला. पण कायदेशीर होतं एवढ्यावर आजोबांना निर्दोष ठरवायची मला गरज वाटत नाही, आणि आजचे नियम लावून त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचीही नाही. सलीम अलींनी लहानपणी एअरगननं एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली. ती कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून पक्षिशास्त्राकडे वळले. 1985 साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी नावच त्या चिमणीच्या पडण्यावरून दिलं. ती चिमणी पिकाची नासाडी करत होती, असं काही त्यांनी जोडलं नाही.

2019 च्या जानेवारीत नाशिकच्या सावरकरनगरात भरवस्तीत बिबट्या शिरला तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थांचा फोन आला, ‘‘तुमच्याकडे आजोबांची बंदूक आहे ना?’’ अर्धं थट्टेनं विचारलं असेल, पण अर्धंच. बंदूक होती, कपाटात, तेलाच्या चिंधीत गुंडाळलेली. त्या बिबट्याला वन खात्यानं भुलीचं इंजेक्शन मारून पकडलं. आमच्या बंदुकीची हल्लीची सगळी वर्दळ निवडणुकीच्या सुमारास घर ते पोलीस ठाणे एवढीच असते.

वडील गेल्यावर या वस्तूंचं काय, हा प्रश्न आलाच. बंदुकीचा परवाना वारसाच्या नावे होईपर्यंत ती जमा ठेवावी लागते. शिंगांचं प्रकरण आणखी नाजूक. अशी वस्तू वारशानं आली तर 90 दिवसांत वन खात्याला तसं कळवायचं. ती विकायची तर नाहीच. 2022 च्या दुरुस्तीपासून स्वतःहून सरकारजमाही करता येते, भरपाई मात्र मिळत नाही. धाकटा भाऊ म्हणतो ठेवू या, मी म्हणतो देऊन टाकू. आजोबांवर माझं प्रेम शिंगांएवढं टोकदार नाही, असं तो मला ऐकवतो. फोटो मात्र ठेवायचा, यावर आमचं एकमत आहे.

परवा त्याच्या मुलीनं दप्तर अडकवता अडकवता विचारलं, ‘‘पणजोबांनी याला का मारलं?’’

भावानं सुरुवात केली, ‘‘अगं, त्या काळी शेतांची फार नासाडी...’’

‘‘आवडायचं त्यांना शिकार करायला,’’ मी म्हटलं.

तिनं जरा विचार केला. ‘‘मग खाल्लं का?’’

‘‘हो. चार घरी वाटलंसुद्धा.’’

‘‘आणि ते डबे वाजवणारे काका? त्यांना मिळालं?’’

ते आत्याला विचारायला हवं.